इथं आवाज तुटतो

नकाशा गुंडाळ, इजी.
तुझ्या नकाशात सगळीकडे हिरवं आहे
आणि इतकं हिरवं मला पटत नाही.
चौदाव्या रांगेत चल. बूट घट्ट बांध,
रात्रीचं दव लोखंडावर गोठलंय.

ग्दिनियाच्या या धक्क्यावर सव्वीस वर्षं
मी चाळीस मीटर वर होते.
पायाखाली काच, काचेखाली टोप्यांएवढी माणसं.
बाल्टिककडून वारा आला की केबिन आधी कण्हायची,
मग डोलायची.
तुमच्या मीटरवर आकडा यायच्या आधी
माझ्या डाव्या गुडघ्यात यायचा.

आता मला खाली आणलंय.
गरम खोली, गुबगुबीत खुर्ची,
समोर सहा पडदे, हातात दोन दांड्या.
आणि क्रेन तिकडे, किलोमीटरभर लांब,
रिकाम्या केबिनीनिशी माझं ऐकते.
मधे पापणी लवायचाही अवकाश नाही, म्हणतोस तू.
असेल.
पण पडद्यावर वारा दिसत नाही रे,
नुसती दोरी तिरकी दिसते.
तक्रार नाही. शिडीच्या दोनशे बारा पायऱ्या
सुटल्या, गुडघे दुवा देतात.
फक्त थर्मासमधला चहा आता गार होत नाही,
प्यायची घाईच राहिली नाही.

इथं. थांब.
दोन्हीकडे पाच-पाच पेट्यांची चळत,
आत गोठवलेले मासे, केळी, कुणाच्या फ्रीजची दारं.
लोखंड आवाज खातं.
कोरड्या दिवशी चवीपुरतं, पावसात अधाशासारखं.
वॉकीटॉकी इथं आली की आधी खरखर,
मग शब्दाचं नुसतं शेपूट,
मग काही नाही.

नोव्हेंबर होता.
क्लेमेन्स तू उभा आहेस तिथंच उभा,
पेटीच्या कोपऱ्यातलं कुलूप बसवत.
तो म्हणाला, थांब.
माझ्यापर्यंत वर पोचला
फक्त मधला अनुस्वार.
मला वाटलं, 'हं' म्हणाला.
हं म्हणजे सोड.
मी सोडली.

बावीस टनांना घाई नसते,
पण ते थांबतही नाहीत.

जगला तो. उजव्या हाताची तीन बोटं गेली.
चौकशीच्या कागदात लिहिलं, 'संपर्कातील त्रुटी'.
त्यात माझं नाव नव्हतं, त्याचंही नव्हतं.
नाताळच्या आदल्या रात्री त्यानं मला घरी बोलावलं,
डाव्या हातानं कार्प मासा वाढला
आणि बायकोला म्हणाला,
हिला काटे काढून दे,
हिचे हात थरथरतात.

मग मी ही वही केली.
'बोगुमिवा फोर्मेला, क्रेन चार.'
वाच कुठलंही पान.
तिसऱ्या गोदामामागे तुटतो, जहाज लागलेलं असेल तर.
इंधनाच्या टाकीपाशी तुटतो, का ते कळलं नाही.
रिकाम्या पेट्यांमध्ये दोनदा येतो,
दुसऱ्यांदा माझा नसल्यासारखा.
धुक्यात तुटत नाही, उलट जवळचा वाटतो. ते फसवं.
साहेबांना दाखवली होती.
म्हणाले, अक्षर छान आहे.

ठेव तुझ्याकडे.
काही पानं ग्रीसनं चिकटलीत, ओढू नकोस,
वाफेवर धर.
आणि तो तुझा चाकांवरचा खांब आण इकडे.
दिव्याशेजारी नको, ती जागा फोटोसाठी बरी.
इथं, या तेलाच्या डागावर.

मी खोलीत जाते.
रिकामी पेटी उचलीन, उंचच ठेवीन.
तू म्हण, थांब.
ओरडू नकोस, साधं म्हण,
क्लेमेन्स काही ओरडणारा माणूस नव्हता.
अख्खा शब्द आला
तर क्रेनचा दिवा दोनदा लावीन.
नाही आला,
तरी पेटी वरच राहील.

हातमोजे घाल आधी.
उघडी बोटं चिकटतात या लोखंडाला.